पुसलेली नोंद

प्रश्न : मस्जिद बंदरच्या आमच्या ऑफिसात पाच जण नोंदी ठेवायच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामची, म्हणजे अ‍ॅक्सेसची एकच फाइल वापरतो. परवा कुणीतरी एका जुन्या गिऱ्हाइकाची नोंद उडवली, तर त्याची सगळी बिलंही गेली. कबूल कुणीच करत नाही. काय करावं?
— एक वाचक, परळ

उत्तर : कबुलीचं सोडा, ती मिळायची नाही. बिलं गेली ती बहुतेक ‘कॅस्केड डिलीट’मुळे. टेबलांच्या (नोंदींच्या तक्त्यांच्या) नात्यात ती खूण असली की गिऱ्हाइकामागोमाग बिलंही पुसली जातात. तेवढी खूण काढा, नातं राहू द्या. मग बिलं असलेलं गिऱ्हाईक अ‍ॅक्सेस पुसूच देणार नाही.

गेलेल्या नोंदी बॅकअपमधूनच आणाव्या लागतील. पण अख्खी जुनी फाइल वर चढवू नका, नंतरचं काम बुडेल. अपेंड क्वेरीने, म्हणजे एका टेबलातल्या ओळी दुसऱ्यात जोडणाऱ्या आदेशाने, तेवढ्याच ओळी घ्या, आधी गिऱ्हाईक, मग बिलं. जुने क्रमांकही तसेच राहतात.

गिरगावात एका पेढीवर मी चोपड्या लिहायचो. तिथे खोडरबर वापरला की शेटजी डाफरायचे. चुकलेली ओळ लाल शाईने कापायची, शेजारी सही. तुम्हीही तेच करा. टेबलात ‘रद्द’ नावाचा होय-नाही रकाना, शिवाय कुणी आणि कधी, असे आणखी दोन. फॉर्मवर, म्हणजे नोंदी भरायच्या पडद्यावर, रद्द नसलेल्याच नोंदी दाखवा आणि फॉर्मच्या प्रॉपर्टीत ‘अलाऊ डिलीशन्स’ला ‘नो’ करा. मात्र टेबल थेट उघडणाऱ्याला हे कुलूप लागू नाही, म्हणून पाचही जणांना फक्त फॉर्मच द्या.