सी ड्राइव्ह सारखी फुल होते, फॉरमॅट मारावा का?

नका मारू हो, महिन्याभरात परत इथेच याल.

तुम्ही लिहिलंय 512 जीबीची एसएसडी, 16 जीबी रॅम, विंडोज 11, सी ड्राइव्ह 100 जीबीची आणि कायम लाल, टेम्प (तात्पुरत्या फाइली) उडवलं की दोन दिवस बरं जातं मग पुन्हा जैसे थे, आणि डी ड्राइव्ह 376 जीबीची, ती जवळपास रिकामी. म्हणजे घर चार खोल्यांचं आणि सगळा संसार स्वयंपाकघरात. हे पार्टिशन, म्हणजे एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग, दुकानवाल्यानेच पाडून दिलं असणार, आपल्याकडे ती जुनी सवय आहे, सी मध्ये विंडोज आणि डी मध्ये डेटा, विंडोज उडालं तरी डेटा वाचतो. विंडोज 7 च्या काळी ते ठीक होतं, तेव्हा 64 बिटवाल्याला 20 जीबी जागा मागायचे, आता 11 ला किमान 64 जीबीची डिस्क मागतात आणि ती नुसती दारात उभं राहण्यापुरती. (512 चे 476 च कसे दिसतात असंही विचारलंय, त्यात फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या.)

टेम्प उडवून फार काही होत नाही कारण जागा खाणारा माल बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. तो कुठे आहे ते आधी बघा, डिलीट नंतर. विझट्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, सी स्कॅन करा, ते फाइल सिस्टीमची यादीच थेट वाचतं म्हणून काही सेकंदात सगळे फोल्डर मोठ्यापासून छोट्यापर्यंत मांडून देतं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर हे केलं तेव्हा मी खुर्चीत हसत बसलो होतो, 61 जीबीचा एकच फोल्डर, यूजरच्या अ‍ॅपडेटा मध्ये रोमिंग, त्यात अ‍ॅपल कॉम्प्युटर, त्यात मोबाइलसिंक, त्यात बॅकअप. आयट्यून्सने घेतलेला आयफोनचा बॅकअप. तो फोन विकून दीड वर्ष झालेलं! आणि मी तिकडे 200-200 एमबीच्या टेम्प फाइली वेचत होतो. (असा बॅकअप सापडला तर आयट्यून्सच्या प्रेफरन्सेस मध्ये डिव्हायसेस मधून डिलीट करा.) अ‍ॅपडेटा हिडन असतो म्हणून एक्सप्लोररमध्ये सहसा कोणाला दिसत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, क्रोम सगळ्यांचं गाठोडं तिथेच. वडिलांच्या कॉम्प्युटरवर तर शुभ सकाळचे व्हिडिओच 18 जीबी निघाले, ऑटो डाउनलोड बंद करून दिलं तेव्हा थोडे रुसले पण चालतं.

तुमच्याकडे अजून एक नक्की दिसेल, सी च्या तोंडाशीच हायबरफिल नावाची फाइल, साधारण रॅमच्या 40 टक्के, म्हणजे तुमच्या हिशोबाने 6 जीबीच्या आसपास. ती हायबरनेटसाठी असते, म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद करण्यासाठी. हायबरनेट वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत टाइप करा पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ, एंटर, फाइल आपोआप जाते. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर चालू होण्याची सोय) पण बंद होतं पण एसएसडीवर मला तरी फरक जाणवला नाही. पेजफाइल नावाची दिसली तर तिला राहू द्या, रॅम कमी पडली की विंडोज ती वापरतं.

सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स, इथेही एकदा जा, मोठा अपडेट नुकताच झाला असेल तर प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन म्हणून बरेच जीबी दिसतील, ते दहा दिवसांनी आपणहून जातं पण जुन्यावर परत जायचं नसेल तर आत्ताच काढा. त्या यादीत डाउनलोड्सचीही टिक असते, ती बघून मगच रिमूव्ह दाबा, नाहीतर मुलाची हॉल तिकिटं नि आयटीआरच्या पीडीएफ सगळं जाईल.

विंडोज फोल्डरच्या आत हाताने काही डिलीट करू नका. मी एकदा शहाणपणा केला होता, आतला इन्स्टॉलर नावाचा फोल्डर 9 जीबीचा दिसला, जुने सेटअप असतील म्हणून शिफ्ट डिलीट. मग पुढच्या वेळेस काही सॉफ्टवेअर अपडेटही होईनात नि अनइन्स्टॉलही होईनात, शेवटी मलाच फॉरमॅट मारावा लागला. विनएसएक्सएस (विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा साठा) हा फोल्डर पण तसाच, त्यातल्या बऱ्याच फाइली दोन ठिकाणी मोजल्या जातात म्हणून तो आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. फुकटचे क्लीनर आणि बूस्टर तर टाकूच नका.

आता खरं दुखणं, ते 100 जीबी. सोपा मार्ग म्हणजे डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, व्हिडिओज डी वर हलवायचे, फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब, मूव्ह. आधी डी मध्ये प्रत्येकासाठी वेगळा फोल्डर बनवून तो निवडा, नुसती डी निवडलीत तर अख्खी डी ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसते आणि ते निस्तरताना नाकी नऊ येतात.

कायमचा मार्ग म्हणजे सी मोठी करणं. इथे सगळे अडकतात, विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी श्रिंक (म्हणजे छोटी) करतात आणि सी वर एक्सटेंड दाबायला जातात तर ते फिकट, दाबलंच जात नाही. कारण श्रिंक केल्यावर मोकळी जागा डी च्या उजव्या टोकाला निघते आणि सी ला ती अगदी खेटून उजवीकडे लागते. तुमची डी रिकामीच आहे तर त्यातलं जे काय आहे ते पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढा, डी चा व्हॉल्यूम डिलीट करा, सी वर राइट क्लिक करून एक्सटेंड करा, 250 च्या आसपास द्या, उरलेल्यात नवीन डी बनवा. मधे छोटं रिकव्हरी पार्टिशन आडवं आलं असेल तर मात्र डिस्क मॅनेजमेंटने होणार नाही, त्याला हात न लावता स्क्रीनशॉट इथे टाका, मग बघू. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही.