बरं वाटतंय, मग पुन्हा छातीचा फोटो कशाला?

कसबा पेठेत शिलाईचं दुकान चालवणारे एक काका सुनेबरोबर माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय साठीच्या पुढे, न्यूमोनियातून नुकतेच उठलेले. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगितला होता आणि काका काही केल्या तयार नव्हते.

"ताई, ताप गेला, खोकला गेला. आता परत ते किरण अंगात कशाला भरून घ्यायचे? शेजारचे म्हणतात, चार फोटो काढले की कॅन्सर ठरलेला."

ही शंका जवळजवळ रोजचीच. किरण अंगात साठून राहत नाहीत, हे आधी सांगितलं. बटण सोडलं की किरण बंद. खोलीत उरत नाहीत, अंगातही नाहीत. माती, हवा, अन्न, आकाश यांतून आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) किरणोत्सर्ग तसाही मिळतो. छातीच्या एका फोटोचा डोस 0.02 ते 0.1 मिलिसिव्हर्टच्या घरात, म्हणजे नुसतं घरी बसून तीन दिवस ते पंधरवड्यात जेवढा मिळेल तेवढा. छातीच्या सीटी स्कॅनला मात्र सात मिलिसिव्हर्टच्या आसपास लागतात. त्यामुळे "एक्स-रे नको, डायरेक्ट सीटीच करा" म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

"मग तो फोटो काढणारा भिंतीआड का पळतो?" काकांनी बरोबर पकडलं. तो दिवसभर एकामागून एक फोटो काढतो, रोज, वर्षानुवर्षं. तुम्ही एकदा उभे राहता.

आकडे ऐकून काका मान हलवत होते, पण चेहरा काही सैल पडला नाही. मग विचारलं, "पुन्हा फोटो का काढायचाय, हे डॉक्टरांनी सांगितलं का?" नाही. 'रूटीन आहे' एवढंच.

माझ्या मते घोळ इथेच होतो. रूटीन म्हटलं की माणूस एक तर टाळतो, नाहीतर मनात भलतंच धरतो. म्हणून खरं कारण सांगितलं. न्यूमोनियात माणूस आधी बरा होतो, फोटोतला डाग मागाहून विरतो. म्हणून दहाव्या दिवशी फोटो काढून उपयोग नसतो. आणि काकांनी तीस वर्षं विडी ओढलेली. पन्नाशीपुढच्या, विडी-सिगारेट ओढलेल्या माणसात न्यूमोनियाच्या डागाआड क्वचित गाठ लपलेली असू शकते. डाग विरला का, एवढंच बघायचंय. न विरल्यास पुढची तपासणी वेळेत होते.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे आधी कुणी बोललं असतं तर?"

पिशवीतून त्यांनी जुनी फिल्म काढली. चौघडी घातलेली, मधोमध पांढरट चिरा. जुना फोटो तुलनेसाठी फार मोलाचा असतो. सरळ, पाकिटात ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर काढलेला त्याचा फोटो रेडिओलॉजिस्टच्या, म्हणजे एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांच्या, फारसा कामाचा नाही.

आदल्या वेळी फोटो दोनदा काढावा लागला होता, कारण गळ्यातला ताईत काढला नव्हता आणि श्वासही नीट धरला नव्हता. छाती प्लेटला टेकवायची, हात कमरेवर, खांदे पुढे, म्हणजे खांद्याची हाडं फुप्फुसावर येत नाहीत. खोल श्वास घेऊन रोखायचा. बायकांनी मंगळसूत्र, हूक असलेले कपडे काढावेत. वेणीही छातीवरून बाजूला घ्यावी. जाड वेणीची सावली फुप्फुसातल्या डागासारखी दिसू शकते.

सून इतका वेळ गप्प होती. तिला तिसरा महिना. मागच्या वेळी ती बाहेर बाकावर बसली होती, त्याचीच धास्ती. खोलीबाहेर बसल्याने बाळाला काही होत नाही, असं सांगितल्यावर तिने पहिल्यांदा पाणी प्यायलं. स्वतःचा एक्स-रे काढायची वेळ आली, तर दिवस गेल्याचं आधी सांगायचं. गरज असेल तर छातीचा फोटो गरोदरपणातही काढतात, बाळापर्यंत पोहोचणारा डोस नगण्य असतो.

निघताना काकांनी विचारलं, "गौरी-गणपती होऊ दे, मग काढला तर चालेल? दुकानात ब्लाउजांचा ढीग पडलाय." आठवडाभर मागेपुढे झालं तर बिघडत नाही, फक्त डॉक्टरांना फोन करून तारीख ठरवा, म्हटलं. मात्र मध्येच ताप उलटला, थुंकीत रक्त दिसलं, दम लागला किंवा वजन उतरायला लागलं, तर ब्लाउज तसेच ठेवून यायचं.