पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची

लहान मुलांच्या बोलण्याची काळजी घेऊन पालक माझ्याकडे येतात. शाळा सुरू होऊन महिना झाला की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. शाळेत मूल मागे पडतंय. घरातली बोली बंद करू का?" बोली कधी खानदेशातली अहिराणी असते, कधी कोकणा आदिवासींची, कधी भोजपुरी. विचारणारे बहुतेक नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला असतात, सिडकोत नाहीतर पाथर्डी फाट्याकडे राहतात. उत्तर त्यांनी मनात ठरवूनच आणलेलं असतं, मी फक्त होकार द्यायचा असतो. तो मी देत नाही. का देत नाही, ते एका मुलाच्या गोष्टीतून सांगते. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला आपण सोनू म्हणू.

सोनू चार वर्षांचा. वडील अंबडला सीएनसी मशीनवर, आई घरी शिवणकाम करते, सोबत आजी. मूळ गाव धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात. जुलैच्या शेवटी आईवडील त्याला घेऊन आले. ज्युनियर केजीत दीड महिना झाला होता आणि पोरगा वर्गात एक शब्द बोलला नव्हता. दोनदा चड्डी ओली झाली होती. घरी आधी दिवसभर बडबड चालायची, आता तीही आटली होती. वडिलांनी शाळेची डायरी माझ्यासमोर उघडून ठेवली. त्यात इंग्रजीत एक ओळ होती: घरी मराठी किंवा इंग्रजीतच बोला. खाली वडिलांची सही. त्याच संध्याकाळी घरात अहिराणी बंद झाली. आजीलाही बजावण्यात आलं, नातवाशी बोलायचं तर शुद्ध मराठीत बोल, नाहीतर गप्प बस.

आधी कान तपासून घ्यायला सांगितले. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण ऐकायला कमी येणारं मूलही असंच गप्प दिसतं. कान ठीक निघाले. दोन वर्षांचा असताना तो दोन-दोन शब्द जोडत होता, तिसरं लागायच्या आत पूर्ण वाक्यं बोलत होता. म्हणजे अहिराणीत त्याची भाषा वयाप्रमाणे चांगली वाढली होती. उठता उठता आई सहज म्हणाली, "आणि मॅडम, याची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी येते."

पहिल्या दोन भेटींत सोनू भिंतीला पाठ लावून बसला. गाड्या रांगेत लावायचा, पुन्हा मोडायचा. आवाज नाही. तिसऱ्या भेटीला आजी घेऊन आली. बाहेर पाऊस होता. खुर्ची दिली तरी ती बसली नाही, दाराशी ओल्या छत्रीजवळ जमिनीवरच टेकली. सोनूला खेळण्यांत एक घट्ट झाकणाचा डबा सापडला. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, गुडघ्यात धरून पाहिला, मग सरळ आजीकडे गेला आणि तिच्या कानाशी लागून म्हणाला, "झाकन उघाडी दे."

आजीने आधी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखं. मग काही न बोलता झाकण उघडून दिलं आणि नातवासमोर स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

मी म्हटलं, "आजी, बोला ना त्याच्याशी. तुमच्या बोलीतच बोला." ती थोडा वेळ छत्रीच्या दांड्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मन्ही बोली पोऱ्याले खराब करस, म्हनतस. आते मी काय बोलू?" माझी बोली पोराला बिघडवते म्हणतात, आता मी काय बोलू? रात्री गोष्टी सांगून त्याला निजवणारी ही बाई महिनाभर नातवाशी "जेव", "झोप", "ये" एवढंच बोलत होती. त्या घरात दोन माणसं एकाच वेळी मुकी झाली होती, आणि माझ्याकडे आणलं होतं फक्त एकाला.

माझं आजोळ मालेगावचं, म्हणून चार वाक्यं कानावर आहेत. मी सोनूजवळ खाली बसले आणि विचारलं, "काय करी ऱ्हायना?" त्याने मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग डबा हलवत म्हणाला, "च्या करी ऱ्हायनू." एक कप मला दिला, एक आजीला.

बाटलीचं कोडं नंतर शाळेत उलगडलं. बाटली नवी, झाकण घट्ट. शाळेच्या दुसऱ्याच दिवशी तो ती घेऊन बाईंकडे गेला होता आणि "झाकन उघाडी दे" हेच वाक्य म्हणाला होता. "उघाडी" ऐकून मागची दोन पोरं हसली, बाईंना नीट कळलं नाही, त्या म्हणाल्या, "असं नाही, नीट बोल." त्याने बाटली दप्तरात ठेवली. पुन्हा पाणी मागितलं नाही, शूला जायचंही सांगितलं नाही. चार वर्षांच्या मुलाने एका वाक्यावरून केवढा मोठा निष्कर्ष काढला, हे आठवलं की आजही गलबलून येतं.

नव्या भाषेच्या वर्गात गेलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. हे स्वाभाविक आहे. दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलतं किंवा तोतरं होतं, हा समज चुकीचा आहे. मोठं-लहान, वर-खाली, एक-दोन-तीन हे ज्या भाषेत पक्कं झालं, तिच्या आधाराने दुसऱ्या भाषेतले शब्द बसतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही, शक्य असेल तिथे, किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावं असं म्हटलं आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचाही भर त्यावरच आहे. आपल्या शाळा माध्यम बदलणार नाहीत, हे मला कळतं. पण घराने आपली भाषा टाकावी असं यात कुठेच नाही.

वडिलांशी मात्र मी वेगळी बोलले, कारण त्यांना धोरण सांगून उपयोग नव्हता. ते वीस वर्षांपूर्वी गावाहून नाशिकला आयटीआयला आले होते. पहिल्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये ते म्हणाले, "माले समजनं नही." पुढे दोन वर्षं पोरं त्यांना "माले" म्हणूनच हाक मारायची. "मला जे झालं ते याला नको," एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले. या भीतीला खोटं म्हणायची माझी हिंमत नाही. लोक हसतात, हे खरंच आहे. मी त्यांना एवढंच सांगितलं की २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली आहे, अहिराणी तिच्यातच येते, आणि ती बोलणारे १८ लाखांहून जास्त आहेत. ते म्हणाले, "भाषा म्हणून मोजतात?" दोनदा विचारलं.

मग त्यांच्या संमतीने मी शाळेत गेले. आईवडील आणि आजीही होते. बाई कोल्हापूरकडच्या, लग्नानंतर नाशिकला आलेल्या. वर्गात ३१ मुलं आणि मदतीला एक ताई. त्यांनी अहिराणी आयुष्यात ऐकली नव्हती. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तो हट्टाने बोलत नाही. डोळ्यांत बघतच नाही हो." वडील पटकन म्हणाले, "आमच्यात मोठ्यांच्या डोळ्यांत बघून बोललं तर आगाऊ म्हणतात, मॅडम." बाईंनी हे कधी ऐकलं नव्हतं, आणि वडिलांना हे सांगावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. डायरीतली ओळ सगळ्यांनाच गेलेली होती. बाईंना म्हणायचं होतं की वर्गातले चार शब्द घरीही कानावर पडू देत. वडिलांना ऐकू आलं, तुमची भाषा वाईट आहे. शाळेने काढलेल्या सूचनेला पालक उत्तर देत नाहीत, खाली सही करतात. म्हणून पहिली सूचना जाण्याआधी एकदा समोरासमोर बसणं फार गरजेचं असतं. इथे ते बसणं ऑगस्ट उजाडल्यावर झालं.

तिथेच आम्ही एक चिठ्ठी केली. आजी सांगत गेली, आई लिहीत गेली: पानी जोयजे. भूक लागनी. दुखस. आठे ये. झाकन उघाडी दे. घर जावानं शे. अशी दहा वाक्यं, समोर मराठी. बाईंनी ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. ठरलं असं की सोनू "पानी जोयजे" म्हणाला तर चुकलं म्हणायचं नाही. "हो, पाणी हवंय? घे," असं म्हणून बाटली उघडून द्यायची. आधी पाणी, मराठी आपोआप मागून येते. "बोल ना, बोल ना" म्हणून मागे लागायचं नाही, चॉकलेटचं आमिष नाही, पाहुण्यांसमोर परीक्षा नाही. आणि घरी आजीने पुन्हा गोष्टी सुरू करायच्या. हे ऐकताना आजीने पदर डोळ्यांना लावला.

पुढचं बाईंनी स्वतःहून केलं. त्यांनी वर्गातल्या सगळ्या पालकांकडून अशा चिठ्ठ्या मागवल्या. बिहारकडच्या एका आईने "पियास लागल बा" लिहून दिलं. पेठच्या एका कुटुंबाने कोकणातले शब्द दिले, म्हणजे कोकणा लोकांच्या बोलीतले. समुद्राकडच्या कोकणाशी त्याची गल्लत बाईंचीही झाली होती. एका गुजराती घरातून "पाणी जोईए" आलं, तेव्हा बाईंनी मला मुद्दाम फोन केला: "अहो, सोनूचं जोयजे आणि हिचं जोईए, किती जवळ आहेत!" ही माहिती देताना त्यांच्या आवाजात जो आनंद होता, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बालशिक्षणात हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, आणि मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आपल्याला तर एका चिठ्ठीपुरतंच घरापर्यंत जायचं असतं.

गप्प मुलाची काळजी कधी करावी, तेही सांगते. शाळेचा पहिला महिना सोडून त्यापुढेही महिनाभर मूल बोलत नसेल, आणि शाळेत घरच्या भाषेत बोलायची मोकळीक मिळूनही तोंड उघडत नसेल, तर थांबू नका, तज्ज्ञांना दाखवा. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गळून पडत असतील, तर वय कितीही असो, लगेच दाखवा. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. घरी भरभरून बोलणारं मूल फक्त मराठी किंवा इंग्रजीत कमी पडतंय म्हणून "मंद" ठरवलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की ही ओळ मला मोठ्या अक्षरात लिहावीशी वाटते.

सोनूचं सगळं सरळ झालं असं नाही. ऑगस्टच्या मध्याला आईचा मेसेज आला, आज बाटली अर्धी झाली होती. मग तो मदतनीस ताईंच्या कानात बोलायला लागला. गणपतीच्या सुटीनंतर पुन्हा आठ दिवस गप्प. वडील घाबरले, पण त्यांनी अहिराणी बंद केली नाही.

सप्टेंबरात गंगापूर धरणातून पाणी सोडलं. रविवारी वडील त्याला गोदाघाटावर घेऊन गेले, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलंय ते पाहायला. नदीपात्रातल्या या मूर्तीवरूनच नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात. सोमवारी बाई हजेरी घेत होत्या. सोनूचं नाव आलं तेव्हा तो उभा राहिला आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "मारुतीना पायले पानी लागनं!"

वर्ग शांत. बाईंनी पेन खाली ठेवला. "पायले लागनं? आणि कमरेला?"

"नही," सोनू म्हणाला. "कमरले नही. पायलेच."