अपवाद पाठ करायच्या आधी

पोरी, परवा रंकाळ्यावर तू वैतागून म्हणालीस, सर, प्राण्यांच्या एकेक गटाची लक्षणं पाठ करते तोवर खाली "अपवाद" येतोय आणि सगळं बोंबलतंय. तेव्हा कणीस खाता खाता नीट सांगता आलं नाही म्हणून हे लिहितोय.

तुझं पाठांतर चांगलंच आहे की, पण तू सगळी लक्षणं एकाच मापानं मोजतेस. काही लक्षणं गटाची ओळखच असतात, काही नुसती बहुतेकांत दिसतात. आज जिवंत असलेल्या प्रत्येक पक्ष्याला पिसं आहेत, पण उडणं? इमू, शहामृग, पेंग्विन उडत नाहीत तरी पक्षीच. वटवाघूळ उडतं, पण पिल्लाला दूध पाजतं, म्हणजे सस्तन, संपला विषय.

मी पण कॉलेजात तोंडी परीक्षेला ठणकावून सांगितलेलं, सगळे साप अंडी घालतात. पुढं एका पावसाळ्यात शिरोळकडं उसाच्या फडात एका सर्पमित्रानं घोणस पकडली, रात्र झाली म्हणून भोकं पाडलेल्या ड्रममध्ये ठेवली आणि सकाळी झाकण उघडून बघतोय तर आत नुसती वळवळ, वीतवीतभर पिल्लं, अंगावर आईसारखेच ठिपके, आणि एवढीशी असून फुत्कारत होती! टरफलाचा पत्ता नाही. घोणस, मांडूळ, हरणटोळ पिल्लंच देतात. म्हणजे अंडी घालणं ही काय सापाची ओळख नव्हे. आणि उलटं पण बघ, खवले दिसले म्हणून खवल्या मांजराला सरपटणाऱ्यांत ढकलू नकोस, त्याच्या खवल्यांच्या मधनं केस असतात आणि पिल्लू आईचं दूध पितं.

प्लॅटिपसनं, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या त्या बदकासारखी चोच असलेल्या केसाळ प्राण्यानं, तर भल्याभल्यांना घोळात घेतलं. १७९९ मध्ये जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञानं लंडनला त्याचं वर्णन लिहिलं तेव्हा त्यालाच शंका आली की कुणीतरी बदकाची चोच शिवून चिकटवलीय का काय. त्यानंतर तो अंडी घालतो की नाही यावर वाद चालला, तो थेट १८८४ ला कॉल्डवेल या प्राणिशास्त्रज्ञानं मिटवला. घालतो अंडी! तरी सस्तनच, कारण अंगावर केस आहेत, मादीला दूध येतं, फक्त स्तनाग्रं नाहीत, दूध कातडीतनं पाझरतं आणि पिल्लं ते चाटतात. अंडी घालणारे सस्तन आज ५ जातींचे, प्लॅटिपस १ आणि एकिडना (अंगावर काटे असलेला त्याचा भाऊबंद) ४.

बेडकांत टॅडपोल, म्हणजे पाण्यातलं शेपटीवालं पिल्लू, हवाच असं तू लिहिलंयस ना, ते खोड. आपल्या सह्याद्रीतल्या काही झुडपी बेडकांची अंडी पाण्यात नसतातच आणि त्यातनं थेट चिमुकले बेडूक निघतात.

साप बिनपायाचा असूनही चार पायवाल्यांच्या गटात का, हा तुझा प्रश्न मला आवडला. गट पूर्वजांवरून ठरतो, आज पाय किती ते मोजून नव्हे. अजगराच्या शेपटीच्या बुडाशी नखासारखी दोन टोकं असतात, तो मागच्या पायांचा उरलेला अवशेष.

आता वहीत प्रत्येक गटापुढं दोन रकाने कर, "सगळ्यांत" आणि "बहुतेकांत". सरपटणाऱ्यांचं हृदय तीन कप्प्यांचं, हे दुसऱ्या रकान्यात टाक, कारण सांगलीला कृष्णेत मगरी पडून असतात ना, त्यांचं चार कप्प्यांचं असतं. रविवारी ये, माशांचे रकाने आपण मिळून भरू.