उबुंटू अपडेट केल्यावर स्क्रीन काळी, आवाज गायब, डिस्क फुल: आता फॉरमॅटच मारावं का?

नको. निदान आज तरी नको.

तुम्ही लिहिलंय ते मला असं समजलं: उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाताना मध्येच लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, त्यामुळे मशीन जागेवर बंद. आता चालू केलं की लोगो येतो आणि मग काळी स्क्रीन. एकदा कसंबसं आत गेलात तर आवाजाच्या जागी 'डमी आउटपुट' आणि वर डिस्क भरल्याची सूचना. लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून विंडोज टाकतो.

मी अंबाजोगाईत एका अभ्यासिकेतले नऊ कॉम्प्युटर सांभाळतो. पोरं पोलीस भरतीची आणि एमपीएससीची तयारी करतात, दिवसभर इअरफोन लावून लेक्चर ऐकतात. मे महिन्यात दुपारी एकामागून एक मशीन अपडेटला लावली होती. सहाव्यावर 'अनपॅकिंग' अशा ओळी सरकत असतानाच लाइट गेली. यूपीएसनं दोनदा कुईं केलं आणि मान टाकली. दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर तुमच्याकडे आहेत त्याच तिन्ही तक्रारी. मी तेव्हा घाई केली, फॉरमॅट मारलं आणि एका पोराच्या दीड वर्षाच्या नोट्स घालवल्या. त्यानं तोंडावर काही म्हटलं नाही, पण महिनाभर त्या खुर्चीवर बसला नाही. म्हणून हे एवढं लांबण लावतोय.

तुम्हाला तीन बिघाड दिसतायत, पण बहुधा तो एकच आहे: अर्धवट बसलेलं कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा. नवं कर्नल म्हणजे एक फाइल नसते. आधी कर्नलची इमेज बसते, मग मॉड्यूल्स (ड्रायव्हरचे तुकडे), मग 'मॉड्यूल्स एक्स्ट्रा' नावाचं वेगळं पॅकेज. आवाजाचे आणि बऱ्याच वाय-फायचे ड्रायव्हर त्या एक्स्ट्रामध्ये असतात. त्यानंतर डीकेएमएस नावाचं साधन एनव्हिडियाचं मॉड्यूल त्या कर्नलसाठी नव्यानं बांधतं, इनिटरॅमएफएस (सुरुवातीला कर्नलला लागणारी शिदोरी) तयार होतं आणि शेवटी ग्रबची, म्हणजे चालू होताना कर्नल निवडायच्या मेनूची, यादी बदलते. साखळी मध्ये तुटली की पडदाही जातो आणि आवाजही. डिस्क कशानं भरली ते पुढे बघू.

(कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

आधी आत शिरायचं. काळी स्क्रीन असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. लॉगिन विचारणारी काळी-पांढरी पाटी आली तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र येत नाहीये. पासवर्ड टाकताना तिथे ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, कीबोर्ड गेला असं समजू नका. पाटी आलीच नाही तर मशीन पुन्हा चालू करा आणि कंपनीचा लोगो जाताच एस्केप एकदा दाबा. जुन्या बायोसवाल्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवायचं असतं. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर नुसतं 'ग्रब' लिहिलेली ओळ येते, तिथे 'रिबूट' टाइप करून पुन्हा प्रयत्न करा. मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जुनं कर्नल दिसेल, त्यावर एंटर मारा. नव्वद टक्के काम इथेच होतं म्हणतात तसं मी म्हणणार नाही, पण माझी सहा नंबरची मशीन असती तर याच दारानं आत गेली असती.

बटण दाबून धरून बंद करायची सवय असेल तर ती जरा आवरा. सिस्टिमचा जर्नल (घडामोडींची नोंदवही) साधे संदेश डिस्कवर पाच-पाच मिनिटांनी पक्के करतो, फक्त अतिगंभीर संदेश ताबडतोब. तुम्ही सपकन लाइट तोडली की ज्या ओळीत खरं कारण होतं तीच जाण्याची भीती. मशीन अगदीच अडकली तर ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन धरून क्रमानं एस, यू, बी दाबा, मध्ये दोन-दोन सेकंद थांबत. डिस्कवरचं लिहून होतं, डिस्क फक्त-वाचनावर जाते आणि मशीन रिबूट होते.

आत गेलात की पहिल्यांदा डिस्क बघा, ड्रायव्हरच्या मागे लागू नका. टर्मिनलमध्ये किंवा त्या काळ्या-पांढऱ्या पाटीवर `डीएफ -एच` मारा. मुख्य विभाजन १०० टक्के दिसत असेल तर लॉगिनची स्क्रीन पासवर्ड बरोबर असूनही तुम्हाला परत दारात आणून सोडते, कारण सेशनच्या फाइली लिहायला जागाच नसते. लोक याला ग्राफिक्सचा बिघाड समजून दोन दोन दिवस ड्रायव्हर बदलत बसतात. `/बूट` वेगळं विभाजन असेल तर तेही बघा. जुनी कर्नलं साचून ते भरतं आणि नवं इनिटरॅमएफएस अर्धंच लिहिलं जातं. त्यावर `सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह`.

आता लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींच्या फाइली. `सुडो डीयू -एसएच /व्हार/लॉग/*` मारलं की कोण फुगलंय ते कळतं. पुसण्याआधी शेवटच्या ओळी वाचा: `सुडो टेल -एन ५० /व्हार/लॉग/सिसलॉग`. घाण साफ करायची तर नळ कुठून गळतोय तेही बघायला हवं ना. आमच्याकडच्या एका लॅपटॉपवर पन्नासच्या पन्नास ओळी एकच रडगाणं गात होत्या: 'पीसीआयई बस एरर, सिव्हिरिटी करेक्टेड'. म्हणजे चूक झाली, सुधारली, पुन्हा झाली, पुन्हा सुधारली, सेकंदाला कित्येकदा. हार्डवेअर चालू होतं, तक्रार मात्र थांबत नव्हती. आणि उबुंटूत कर्नलची तीच ओळ सिसलॉगमध्ये, कर्न-लॉगमध्ये आणि जर्नलमध्ये अशी तीन ठिकाणी लिहिली जाते. जर्नलला निदान लगाम असतो: डिस्कच्या १० टक्के, आणि जास्तीत जास्त ४ जीबी. बाकीच्या दोन फाइलींना लॉगरोटेट या जुने लॉग बाजूला काढणाऱ्या प्रोग्रॅमची पाळी येईपर्यंत कोणी विचारत नाही.

तुमच्याकडेही हेच निघालं तर ग्रबच्या ओळीत `पीसीआय=नोएईआर` टाकून रडगाणं बंद करता येतं. पण ते तोंड दाबणं आहे, इलाज नव्हे. बायोसचं अपडेट निघालंय का तेही बघा.

साफसफाई अशी: जर्नलसाठी `सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम`. सिसलॉगसाठी `सुडो ट्रंकेट -एस ० /व्हार/लॉग/सिसलॉग`, कर्न-लॉगलाही तेच. `आरएम` नको. फाइल उडवली तरी लिहिणारा प्रोग्रॅम तिला धरून बसलेला असतो, त्यामुळे नाव जातं पण जागा सुटत नाही, आणि तुम्ही चक्रावता. `सुडो ॲप्ट क्लीन` मारल्यावर अपग्रेडसाठी उतरवलेली पॅकेजंही जातील, पण ते आत्ता नको. खालचं काम झाल्यावर करा, नाहीतर हॉटस्पॉटचा दिवसाचा दीड जीबी पुन्हा त्यातच जायचा.

जागा झाली की अर्धवट राहिलेलं पूर्ण करा. या दोन ओळी, याच क्रमानं:

`सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए`
`सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल`

मग `सुडो ॲप्ट अपडेट`, `सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड` आणि `सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक`. शेवटचं पॅकेज रिकामं टोपलं आहे, पण त्याच्या मागे इमेज, मॉड्यूल्स आणि एक्स्ट्रा असं सगळं बिऱ्हाड येतं. वाय-फाय चालत नसेल तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, ते वायरचं नेटवर्क म्हणून दिसतं. आणि कृपा करून हे करताना लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा. आमच्याकडे रात्री अकरानंतर बरी असते, तुमच्या फीडरचं तुम्हाला ठाऊक.

पुष्कळदा एवढ्यावर रिबूट केलं की पडदा आणि आवाज दोन्ही हजर होतात. नाही झाले तर पुढचं वाचा.

पडदा अजून काळा असेल तर जुन्या कर्नलनं आत जाऊन मागच्या फसलेल्या बूटचा लॉग काढा: `जर्नलसीटीएल -बी -१ -पी ३`. उणे एक म्हणजे मागचा बूट, तीन म्हणजे फक्त एरर आणि त्याहून वाईट. लाल ओळींचा महापूर येईल. त्यातल्या ब्लूटूथच्या, एसीपीआयच्या ओळी पुष्कळदा धडधाकट मशीनवरही असतात, त्यांच्या नादी लागू नका. 'एनव्हिडिया', 'डीआरएम' (कर्नलचा ग्राफिक्सचा भाग), 'जीडीएम' (लॉगिनची स्क्रीन) हे शब्द शोधा. `डीकेएमएस स्टेटस` मध्ये नव्या कर्नलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' दिसलं पाहिजे. नसेल तर `सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल`.

एनव्हिडियाचं मॉड्यूल बसलंय पण चढत नाही, आणि लॉगमध्ये 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं दिसतंय, तर दोष सिक्युअर बूटचा, म्हणजे ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल अडवणाऱ्या पहाऱ्याचा. ड्रायव्हर बसवताना तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या रिबूटला निळी स्क्रीन येते. तिथे 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बहुतेक जण घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात. मीही दाबलं होतं. ती निळी स्क्रीन थोडाच वेळ थांबते, चहाला गेलात की हुकली.

कुठल्याच कर्नलनं चित्र येत नसेल तर ग्रबमध्ये त्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी `नोमोडसेट` जोडा आणि एफ१० दाबा. चित्र जाडंभरडं येईल, पण येईल. हे तेवढ्यापुरतंच. काही जण तो शब्द कायमचा ठेवतात आणि मग वर्षभर व्हिडिओ अडखळतो म्हणून कुरकुर करतात. लॉगिनपर्यंत येतंय आणि पासवर्डनंतर काळं होतंय, तर नावावर क्लिक करून खालच्या कोपऱ्यातल्या चाकातून 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडून बघा. वेलँडशी (पडद्यावर चित्र दाखवणारी नवी व्यवस्था, झॉर्ग ही जुनी) भांडण असेल तर तिथल्या तिथे कळतं.

आता आवाज. २२.०४ मध्ये आवाज पल्सऑडिओ सांभाळायचा. उबुंटूनं २२.१० पासून ते काम पाइपवायरकडे दिलं, म्हणजे तुमच्या अपग्रेडमध्ये हा कारभारीच बदलला. त्यामुळे नेटवर सापडणारे जुने उपाय, पल्सऑडिओ मारा, पल्सऑडिओ पुन्हा बसवा, हे २४.०४ वर करू नका. `पीएसीटीएल इन्फो` मारा. सर्व्हरच्या नावात 'पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर)' असं दिसलं तर बरोबर आहे. दोन्ही नावं बघून गोंधळू नका, पाइपवायर जुन्या प्रोग्रॅमांशी जुन्याच भाषेत बोलतो, एवढंच.

मग `एप्ले -एल`. एकही कार्ड दिसलं नाही तर खालीच गडबड आहे: `युनेम -आर` नं चालू कर्नलचं नाव बघा आणि त्याच नावाचं मॉड्यूल्स एक्स्ट्रा बसलंय का तपासा. नव्या इंटेल लॅपटॉपवर `फर्मवेअर-सोफ-साइन्ड` हे पॅकेजही लागतं. कार्ड दिसतंय पण 'डमी आउटपुट' हटत नाही, तर `सिस्टमसीटीएल --युझर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर`. पुढे सुडो लावू नका, ही सेवा तुमच्या खात्याची आहे, रूटची नाही. तरीही ऐकेना तर होम फोल्डरमधल्या `.लोकल/स्टेट/वायरप्लंबर` चं नाव बदलून लॉगआउट करा, जुन्या निवडी विसरून तो नव्यानं सुरू होतो.

आणि एक फजितीची गोष्ट. चार नंबरच्या मशीनवरची पोरगी म्हणाली, "सर, आवाजच येईना झालाय की." कार्ड दिसत होतं, पाइपवायर चालू, सेटिंगमध्ये पट्टी शंभरावर. मी तासभर लॉग चाळले. शेवटी `अल्सामिक्सर` उघडलं, एफ६ दाबून एचडीएमआयऐवजी आतलं कार्ड निवडलं, तर 'हेडफोन' च्या खांबाखाली दोन एम: 'एमएम'. म्हणजे म्यूट. एम दाबला, खांबाखाली शून्य-शून्य आलं आणि तिच्या इअरफोनमधून भूगोलाचं लेक्चर अर्ध्या वाक्यापासून सुरू झालं. तुम्ही हे आधी बघा. सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून एचडीएमआय तर निवडलेलं नाही ना, तेही.

एवढ्यानं नाही जमलं तर `डीएफ -एच`, `डीकेएमएस स्टेटस` आणि `एप्ले -एल` या तिघांचं काय येतं त्याचे फोटो टाका, मी रात्री बघतो. दुकानात लॅपटॉप दिलाच असेल तर फोन करून आधी डेटा पेनड्राइव्हवर काढून घ्यायला सांगा. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या उबुंटूनं) बूट केलं की होम फोल्डर तसाच्या तसा दिसतो. त्यानं "डेटा निघत नसतो" म्हटलं तर लॅपटॉप परत घेऊन या.