न विचारता कापलेली इरकल

मावशी,

मी ४७ वर्षांची, ठाण्यात नौपाड्यात राहते. घरी मी, हे, बारावीतली मुलगी आणि सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. माझी पतसंस्थेत नोकरी आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये व्हिडिओ बघून क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखं पांघरूण शिवणं, शिकले आणि त्यात पार रमले. आतापर्यंत अकरा क्विल्ट झाल्या. घर वन बीएचके, त्यामुळे मशीन, कटिंग मॅट, कापडाच्या घड्या सगळं जेवणाच्या टेबलावरच असतं.

सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं. गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत त्या नऊवारीच नेसायच्या. त्यांची पेटी माळ्यावर होती. येत्या डिसेंबरात अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी आईंच्या लुगड्यांची क्विल्ट त्यांच्या अंगावर घालायची असं मी मनाशी ठरवलं, आणि कुणाला न सांगता चार लुगडी काढली. अण्णा रोज संध्याकाळी तलावपाळीला जाऊन बसतात. त्या दिवशी पाऊस आला म्हणून अर्ध्या वाटेतून परतले, तर टेबलावर इरकलीचा पदर अडीच इंची पट्ट्यांत कापून पडलेला. त्यांनी एक पट्टी उचलली, पाहिली, परत ठेवली आणि आत गेले. आज तीन आठवडे झाले, माझ्याशी 'हं'पलीकडे बोललेले नाहीत. हे म्हणाले, "आईच्या साडीवर कात्री चालवताना हात थांबला नाही तुझा? आधी तुझ्या छंदानं टेबल घेतलं, आता आईची पेटीही घेतली." डोंबिवलीहून नणंदेचा फोन आला, "मला एक तरी ठेवायची होती गं."

सगळे तुकडे पिशवीत भरून कपाटात टाकलेत. क्विल्ट पुरी करून ठरल्याप्रमाणे द्यावी का? की हे सगळं बंदच करावं? माझं नक्की काय चुकलं?

– नौपाड्याची एक वाचक

*

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या एका पट्टीपाशीच थांबले. अण्णांनी ती उचलली, पाहिली आणि परत ठेवली. फेकली नाही, चुरगळली नाही, तुला एक शब्दही लावला नाही. तीन आठवडे तू त्यांच्या गप्प राहण्याला राग समजते आहेस. राग असेलही, पण मला त्यात जास्त दुसरंच काही दिसतं. बायको जाऊन दीड वर्ष झालेल्या माणसाला त्या पट्टीत ती पुन्हा एकदा गेलेली दिसली असेल.

तुझं काय चुकलं ते आधी स्पष्ट सांगते, म्हणजे बाकीच्या गोष्टींवर मोकळेपणी बोलता येईल. लुगडी कापलीस यात चूक नाही. कुणाला न विचारता कापलीस, ही चूक आहे, आणि ती मोठी आहे. वाढदिवसाला कुणाला न सांगता केक आणता येतो. गेलेल्या माणसाच्या वस्तूंबाबत घरातल्यांना असं नवल देता येत नाही, कारण त्या पेटीशी कोण कसं बांधलेलं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. अण्णा दुपारी घरात एकटे असतात. तू कामावर, मुलगी क्लासला. त्या वेळात ती पेटी कधी खाली उतरत नसेल, असं तू खात्रीनं सांगू शकशील का? मी नाही सांगू शकणार.

माझी आई गेली तेव्हा आम्ही बहिणींनी तेराव्याच्या आत तिच्या सगळ्या साड्या वाटून टाकल्या होत्या. अडचण नको, कसर लागायला नको, आणि कुणाच्या तरी अंगाला लागतील म्हणून. हेतू चांगलाच होता. महिन्याभरानं वडिलांनी विचारलं, "ती हिरवी कुठाय?" कुठली हिरवी, ते आम्हा तिघींपैकी एकीलाही आठवेना. ते पुन्हा विचारायला आले नाहीत. या गोष्टीला तीस वर्षं होत आली तरी तो प्रश्न माझ्या कानातून गेलेला नाही. तुझ्या हातात अजून वेळ आहे, म्हणून तुला हे लिहिते आहे.

तू म्हणशील, आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या पिढ्यान् पिढ्या होतच आल्या. अगदी खरं. विरलेली लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरायची, वरून ठिगळं जोडायची, कडेपासून आत धावदोरा घालत जायचं, आणि वाकळ तयार. बंगालमध्ये कांथा झाली तीही जुन्या साड्या-धोतरांतून. कर्नाटकात उत्तर कन्नडातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तीही वापरलेल्या कपड्यांची. पण आपल्या घरांत ते लुगडं बहुधा नेसणारीच हातात द्यायची. "हे आता विरलं, घे गोधडीला." काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं, ते तिनं ठरवलेलं असायचं. तुझ्या सासूबाईंना ते ठरवायला मिळालं नाही. त्यांच्यामागे तो हक्क अण्णांचा होता, आणि नेमकं त्यांनाच वगळलं गेलं.

तू क्विल्टवाली आहेस, तेव्हा अमेरिकेतल्या अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीचं नाव ऐकलं असशील. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्विल्ट पुढे मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या. त्यांतली एक १९४२ सालची आहे, मिसूरी पेटवे या बाईची. नवरा वारल्यावर तिनं त्याच्या कामावरच्या कपड्यांची क्विल्ट शिवली, आणि मुलगी मदतीला होती. त्या क्विल्टचा फोटो मिळाला तर जरूर बघ. विटलेला निळा, मातकट, करडा, कुठे गुडघ्यापाशी झिजलेलं कापड. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की जिचा माणूस गेला होता तिनंच ते कपडे फाडायला घेतले. तुमच्या घरात ते अण्णांनी करायला हवं होतं, किंवा निदान त्यांच्या देखत व्हायला हवं होतं.

आता पुढचं. ठरल्याप्रमाणे क्विल्ट पुरी करून समारंभात त्यांच्या अंगावर घालू नकोस. सहस्रचंद्रदर्शन म्हणजे हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस, वयाची जवळजवळ एक्क्याऐंशी वर्षं. त्यातल्या कितीतरी त्यांनी बायकोबरोबर पाहिल्या. त्या दिवशी पाहुणे असणार, ओवाळणं असणार, मोबाइल उगारलेले असणार. इतक्या लोकांसमोर ती क्विल्ट अंगावर आली तर त्यांना रडताही येणार नाही आणि नको म्हणताही येणार नाही.

त्याऐवजी असं कर. एखाद्या रविवारी दुपारी, नवरा आणि मुलगी बाहेर असतील अशी वेळ बघ. पेटी माळ्यावरून काढून अण्णांच्या खोलीत, त्यांच्या कॉटजवळ ठेव. तुकड्यांची पिशवीही ने, लपवू नकोस. "अण्णा, मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चुकलं माझं." एवढंच बोल. त्यापुढे "पण मी तुमच्यासाठीच करत होते" हे वाक्य जोडू नकोस. ते खरं आहे हे मला कळतं, आणि न बोलणं तुला जड जाईल हेही कळतं. पण ते बोललीस की तुझी समजूत घालण्याचं काम त्या म्हाताऱ्या माणसावर येऊन पडेल.

मग एकेक लुगडं उलगड आणि विचार. हे कुठल्या दिवाळीचं? हे आईंना कुणी दिलं होतं? हिची घडी कधी मोडली? बायकांच्या साड्यांतलं पुरुषांना काय कळतं असं आपण धरून चालतो. आपल्या बोनसमधून घेतलेली साडी मात्र पुरुष विसरत नाहीत. ते काही सांगतील ते ऐक, जमलं तर रात्री वहीत लिहून ठेव. काहीच बोलले नाहीत तरी बसून राहा. उठायची घाई करू नकोस. आणि शेवटी विचार, यातली कुठली आहे तशी ठेवायची? जी दाखवतील तिला पुन्हा कात्री लागणार नाही, हा शब्द तिथेच दे.

क्विल्टच नको म्हणाले, तर नको. तुकडे इस्त्री करून मलमलच्या फडक्यात गुंडाळून त्याच पेटीत परत ठेव. कदाचित वर्षभरानं तेच काढून देतील. नाही दिले, तरी ते त्यांचे.

नणंदेला रविवारची वाट न बघता आधी फोन कर. उरलेल्यांतली एक अखंड साडी, तिच्या पसंतीची, तिच्या हातात जाऊ दे. अण्णांनी ठेवायला सांगितलेलीच तिलाही हवी असेल तर बापलेक आपसात बघतील, त्यात तू पडू नकोस. "एक तरी ठेवायची होती गं" हे ती तुझ्याशी भांडायला बोलली नाही. तुझ्या सासूबाई तिची आई होत्या.

नवऱ्याचं वाक्य मात्र मी दोन भागांत तोडून बघणार आहे. आईच्या साडीबद्दल तो बोलला ते दुःखातून आलंय, ते तू मुकाट्यानं घे. छंदानं टेबल घेतलं, हे त्यानं त्याच दमात बोलायला नको होतं. ते वेगळं खातं आहे, आणि त्यात तू एकटीनं मान खाली घालावीस असं मला मुळीच वाटत नाही. अकरा क्विल्ट झाल्या. त्यातल्या एखादीचं तरी बारशाला, डोहाळजेवणाला घरच्यांनी कौतुक करून घेतलं असणारच. तेव्हा ती कुठल्या टेबलावर झाली असं कुणी विचारलं होतं का? नोकरी, मुलीची बारावी, सासूबाईंचं आजारपण हे सगळं सांभाळून रात्री दहानंतर तू जे काम केलंस त्याला घरात जागा मागण्यात गैर काहीच नाही. हे सगळं बंदच करावं का, असं विचारतेस. बंद करू नकोस. एका चुकीची शिक्षा म्हणून पाच वर्षांचं शिकणं सोडून दिलंस तर अण्णांचं दुःख त्यानं तसूभरही कमी होणार नाही, आणि घरात एक माणूस आणखी गप्प होईल.

टेबलाचा प्रश्न मात्र खरा आहे. चार माणसांनी ताटं मांडीवर घेऊन जेवावं हे रोज बरं नाही, आणि बारावीच्या मुलीला वह्या पसरायला जागा लागते. वन बीएचकेत वेगळी खोली कुठून येणार? पण भिंतीला बिजागरीवर बसवलेली, उघडमीट होणारी फळी कुठलाही सुतार करून देतो. दोन फूट बाय तीन फूट पुरे. मशीन तिच्याखाली राहील. कटिंग मॅट पलंगाच्या गादीखाली सपाट सरकवून ठेव, उभी टेकवलीस तर वाकते. कापड झाकणाच्या दोन डब्यांत मावेल तेवढंच ठेवायचं, तिसरा डबा नाही. जांभळी नाक्याला गेल्यावर कटपीसच्या ढिगापुढे हे पाळणं किती कठीण जातं ते मला ठाऊक आहे. जेवणाचं टेबल संध्याकाळी सात ते दहा घराचं, एवढं तू आपणहून सांगून टाक. त्याच्या बदल्यात ती फळी मागायची, आणि विनवणी न करता मागायची.

अण्णा हो म्हणाले, तर शिवण्याबद्दल थोडं. ठाण्याची थंडी ती किती, त्यात म्हाताऱ्या अंगाला जड पांघरूण सोसत नाही. मध्ये बॅटिंग, म्हणजे ते जाड भरण, घालू नकोस. आईंचंच एखादं विरलेलं सुती लुगडं दुहेरी करून आत घाल, जुन्या वाकळीत असतं तसं. आकार मांडीवर घेण्याएवढा, चाळीस बाय साठ इंच. जुन्या कापडाच्या पट्ट्यांवर ताण आला की त्या शिवणीपाशी फाटतात, म्हणून लहान तुकड्यांची नक्षी सोड, जेवढं कापड अखंड ठेवता येईल तेवढं ठेव, आणि खाली मलमलचा आधार दे. लाल रंग जाऊ शकतो. ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपऱ्यात घासून बघ. फडकं लाल झालं तर ते कापड फिक्या लुगड्याशेजारी लावू नकोस. मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नकोस. धावदोरा हातानंच घाल. आणि अण्णा शेजारी बसून बघत असतील तर एखाद्या ओळीला सुई त्यांच्या हातात दे. टाके वाकडे पडले तरी उसवायचे नाहीत.

राहिला तो पदर. कापला म्हणजे संपला असं तू धरून चालली आहेस, पण तो पुष्कळसा परत उभा करता येईल. नेहमीसारखी पाव इंचाची शिलाई घातलीस तर दर जोडाला अर्धा इंच आत जाईल, पदर अरुंद होईल आणि त्यावरची पांढरी नक्षी तुटेल. म्हणून पट्ट्या एकमेकींवर न चढवता कडेला कडा भिडवून मलमलवर मांड, टाचून घे, आणि जोडावरून रेशमी दोऱ्यानं हातानंच बारीक आडवेतिडवे टाके घाल. जोडाच्या रेषा दिसतील, त्या दिसू देत. वर अंगभर धावदोरा आला की पदर धरून राहील. तो मधोमध ठेव आणि बाकीचं लुगडं त्याच्या चारही बाजूंनी येऊ दे.

पण त्यासाठी पट्ट्या मूळ क्रमात लागायला हव्यात, आणि इरकलीचा पदर रेशमी, कापलेल्या कडांचे धागे सुटत राहतात. पिशवीत कोंबलेल्या स्थितीत तीन आठवडे झालेच आहेत. तेव्हा रविवारची वाट बघू नकोस. आज रात्री पिशवी उघड, पट्ट्या जमिनीवर पसर, नक्षीला नक्षी लावून क्रम जुळव, प्रत्येकीला टाचणीनं आकड्याची चिठ्ठी लाव आणि मगच झोप.

– तुझी मावशी