प्रश्न तुमचे: वेग दुप्पट केला, तर गाडी किती पुढे जाऊन थांबेल?

प्रश्न : वाहन परवान्याच्या लेखी परीक्षेची तयारी करतो आहे. सरावात असं गणित आलं : ताशी ३६ किमी वेगाची गाडी २५ मीटरमध्ये थांबते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो. मग ताशी ७२ किमी वेगाला किती मीटर लागतील? मी ५० लिहिलं, उत्तर ७० दिलंय. असं का?

उत्तर : २५ मीटर हा एकच आकडा दिसत असला, तरी त्यात दोन अंतरं दडलेली आहेत. ती आधी वेगळी करा.

ताशी किमीला ३.६ ने भागलं की मीटर प्रतिसेकंद मिळतात. ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर. दीड सेकंदात गाडी १५ मीटर गेली, तेव्हा ब्रेक अजून लागलेलाच नाही. उरलेले १० मीटर ब्रेक लागल्यानंतरचे.

वेग दुप्पट झाला की पहिला भाग दुप्पट होतो : ३० मीटर. दुसरा मात्र चौपट, कारण थांबायला वेळ दुप्पट लागतो आणि त्या वेळात गाडीचा सरासरी वेगही दुप्पट असतो. आधी सरासरी ५ मीटर प्रतिसेकंदाने २ सेकंद, म्हणजे १० मीटर. आता १० ने ४ सेकंद, म्हणजे ४०. एकूण ७०. ब्रेकचा जोर दोन्ही वेळी सारखाच, हे यात गृहीत आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे पुस्तकातलं वाक्य इथे उपयोगाला येतं.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, रूपांतर न करता ७२ ला दीडने गुणणं. मग नुसतं प्रतिक्रियेचंच अंतर १०८ मीटर येतं. दुसरी, अख्ख्या २५ ची चौपट करून १०० लिहिणं.

हे दोन भाग लक्षात ठेवले, तर परीक्षेतले बाकीचे प्रश्नही सुटतात. रस्ता ओला असेल किंवा टायर झिजलेले असतील, तर मुख्यतः दुसरा भाग वाढतो. झोप, मद्य, मोबाइल यांनी पहिला वाढतो. ताशी ७२ ला मोबाइलकडे एक सेकंद पाहिलं, तर २० मीटर न बघता गेले.

आता खरी मेख. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर ठेवा, असं शिकवतात. ती गाडी खांबापाशी पोचल्यावर मोजायला सुरुवात करायची. दोन सेकंद व्हायच्या आत आपण तिथे पोचलो, तर अंतर कमी आहे. ताशी ७२ ला हे ४० मीटर होतात, आणि थांबायला तर ७० लागतात! तरी नियम चालतो, कारण पुढच्या गाडीलाही ब्रेक लावून थांबायला अंतर लागतंच. ती कशावर तरी आदळून जागीच थांबली, तर ४० मीटर पुरणार नाहीत. म्हणून दोन सेकंद किमान, आणि पावसात चार.

प्रश्न : जाताना ताशी ४०, त्याच रस्त्याने येताना ६०. सरासरी ५० का नाही?

उत्तर : कमी वेगात जास्त वेळ गेला म्हणून. रस्ता १२० किमी धरा : जायला ३ तास, यायला २. २४० भागिले ५, उत्तर ४८. अंतर दिलं नसेल, तर दोन्ही वेगांनी भाग जाणारा आकडा स्वतः घ्या. उत्तर बदलत नाही.

प्रश्न : मुलगी समीकरणं सोडवताना सतत चुकते. तिला उत्तर न सांगता मदत कशी करू?

उत्तर : चूक कोणत्या ओळीत झाली, ते तिलाच शोधू द्या. उदाहरणार्थ ५(क्ष – २) – ३(क्ष – ४) = १०. तिचं उत्तर १६ आलं, तर ‘चूक’ म्हणू नका. मूळ समीकरणात १६ घालायला सांगा. ७० – ३६ = ३४ येईल, १० नाही. मग प्रत्येक ओळीत १६ घालून बघायचं. पहिल्याच ओळीत समीकरण जुळत नाही आणि पुढच्या ओळींत जुळतं, म्हणजे घोटाळा कंस सोडताना झाला. –३ ने –४ ला गुणल्यावर +१२ हवे होते, तिने –१२ लिहिले. दुरुस्त केल्यावर २क्ष + २ = १०, क्ष = ४.

उत्तर १६ च्या जागी दुसरंच काही आलं, तरी रीत हीच. कंसाबाहेर वजा असलेली पाच-सहा उदाहरणं लागोपाठ द्या. सगळी प्रकरणं एकाच बैठकीत नकोत.